धीराची शर्यत

पोहणे, सायकल चालवणे आणि धावणे या तिन्ही गोष्टी आपल्या परिचयाच्या आहेत. गावाकडे विहिरीत किंवा नदीत अनेकजण लहानपणीच पोहायला शिकतात. सायकलवरून कामाला जाणारे लोक प्रत्येक शहरात दिसतात. पोलीस किंवा सैन्यभरतीची तयारी करणारे तरुण-तरुणी पहाटे रस्त्याच्या कडेने धावताना आपण पाहतो. हेच तीन प्रकार एकाच दिवशी, एकापाठोपाठ एक पूर्ण करण्याच्या शर्यतीला ‘ट्रायथलॉन’ म्हणतात. स्पर्धक पाण्यात उतरला की घड्याळ सुरू होते आणि ते अंतिम रेषेवरच थांबते. कपडे बदलण्यात, बूट घालण्यात जाणारा वेळही त्यात मोजला जातो.

या शर्यतीचे लहान-मोठे अनेक प्रकार आहेत. ऑलिंपिकमध्ये तिचा समावेश २००० साली सिडनी येथे झाला. तेथे १.५ किलोमीटर पोहणे, ४० किलोमीटर सायकल आणि १० किलोमीटर धावणे अशी अंतरे असतात. याहून मोठी अंतरे असलेल्या शर्यतीला दीर्घ पल्ल्याची ट्रायथलॉन म्हणतात. अशी शर्यत पहिल्यांदाच पूर्ण करू पाहणाऱ्या सामान्य माणसाला नेमके काय साधावे लागते, याचा विचार या पाठात आपण करणार आहोत.

शर्यतीचा उगम

अमेरिकेच्या नौदलातील अधिकारी जॉन कॉलिन्स आणि त्यांच्या पत्नी ज्युडी हवाई बेटांवर राहत असत. पोहणारा, सायकलपटू आणि धावपटू यांच्यांत सर्वाधिक तंदुरुस्त कोण, असा वाद तेथील खेळाडूंमध्ये रंगे. तो सोडवण्यासाठी कॉलिन्स यांनी बेटावरील तीन प्रसिद्ध शर्यती एकत्र जोडण्याची कल्पना मांडली. १८ फेब्रुवारी १९७८ रोजी ओआहू बेटावर ही शर्यत प्रथम झाली. ३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल आणि ४२.२ किलोमीटर धावणे अशी ती अंतरे होती. त्या दिवशी १५ जण उतरले आणि १२ जणांनी शर्यत पूर्ण केली. गॉर्डन हॉलर ११ तास ४६ मिनिटे ५८ सेकंदांत पहिले आले. हीच शर्यत पुढे ‘आयर्नमॅन’ म्हणून जगभर प्रसिद्ध झाली.

तिच्या निम्म्या अंतराची शर्यत भारतात प्रथम २० ऑक्टोबर २०१९ रोजी गोव्यात पणजीजवळ मिरामार येथे झाली. महामारीमुळे पुढील दोन वर्षे खंड पडला आणि २०२२ च्या नोव्हेंबरात ती पुन्हा भरली. या प्रकारात अरबी समुद्रात १.९ किलोमीटर पोहायचे, ९० किलोमीटर सायकल चालवायची आणि २१.१ किलोमीटर धावायचे असते.

वेळेचा हिशेब

ही अंतरे ऐकून छाती दडपते; परंतु मुदतीचा हिशेब मांडला की चित्र स्पष्ट होते. निम्म्या अंतराच्या शर्यतीला साधारणपणे साडेआठ तासांची मुदत असते. पोहणे १ तास १० मिनिटांत आणि सायकलचा टप्पा सुरुवातीपासून साडेपाच तासांच्या आत संपवावा लागतो.

समजा, एखाद्याला पोहायला १ तास ५ मिनिटे आणि सायकलवर स्वार होण्याच्या तयारीला १० मिनिटे लागली. मग ९० किलोमीटरसाठी सव्वाचार तास उरतात, म्हणजे ताशी सुमारे २१ किलोमीटर वेग पुरतो. सायकल ठेवून बूट बदलण्यास ५ मिनिटे धरली, तर धावण्यासाठी २ तास ५५ मिनिटे मिळतात. एक किलोमीटर सुमारे सव्वाआठ मिनिटांत पार करायचे. झपाझप चालणारा माणूस तेवढेच अंतर दहा मिनिटांत चालतो.

यांतील कोणताही वेग असामान्य नाही. कठीण आहे ते तिन्ही वेग सलग टिकवणे. म्हणून पहिल्यांदा भाग घेणाऱ्याची परीक्षा शक्तीपेक्षा शक्तीच्या वाटपाची असते. आपल्याजवळचे बळ कोठे किती खर्च करावे, हे त्याला शिकावे लागते.

एका दिवसामागची वर्षे

मिलिंद सोमण हे नाव अनेकांना अभिनेते म्हणून ठाऊक आहे. १९८० च्या दशकात ते राष्ट्रीय जलतरण विजेते होते. धावण्याचा सराव मात्र त्यांनी वयाच्या अडतिसाव्या वर्षी सुरू केला. जुलै २०१५ मध्ये, पन्नाशीला काही महिने उरले असताना, त्यांनी स्वित्झर्लंडमधील झुरिक येथे पूर्ण अंतराची आयर्नमॅन शर्यत पहिल्याच प्रयत्नात पूर्ण केली. त्यांना १५ तास १९ मिनिटे लागली. गॉर्डन हॉलर यांच्यापेक्षा हा वेळ साडेतीन तासांनी अधिक आहे. परंतु त्यांना गाठायची होती ती मुदत, आणि ती त्यांनी गाठली. वर्तमानपत्रांत त्या एका दिवसाची बातमी आली. त्या दिवसामागे धावण्याची सुमारे अकरा वर्षे होती, हे आपण ध्यानात घेतले पाहिजे.

शरीराला इतका वेळ का लागतो? नियमित व्यायामाने हृदय एका ठोक्यात अधिक रक्त पुढे ढकलू लागते आणि स्नायूंतील पेशी प्राणवायूचा अधिक चांगला उपयोग करतात. हे बदल काही आठवड्यांत जाणवू लागतात. परंतु स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या कंडरा आणि स्वतः हाडे यांना बळकट होण्यास त्याहून पुष्कळ अधिक काळ लागतो. दम वाढलेला असतो, उत्साहही असतो, आणि नेमक्या अशाच वेळी गुडघा किंवा घोटा दुखावतो. म्हणून सरावाचे अंतर हळूहळू वाढवावे, दर तीन-चार आठवड्यांनी एक आठवडा ते मुद्दाम कमी करावे आणि झोपेत काटकसर करू नये. शरीराची झीज विश्रांतीच्या काळातच भरून निघते.

सायकलवरून उतरून लगेच धावण्याचा वेगळा सराव करावा लागतो. तासन्‌तास पायडल मारलेले पाय जमिनीवर पडताच लाकडासारखे जड वाटतात. आठवड्यातून एकदा सायकल चालवल्यानंतर दहा-पंधरा मिनिटे जरी धावले, तरी पायांना हा बदल ओळखीचा होतो.

पाण्यातील सावधगिरी

पोहणे सर्वांत आधी ठेवण्यामागे सुरक्षेचा विचार आहे. थकलेल्या माणसाला पाण्यात उतरवणे धोक्याचे असते. तरीही सर्वाधिक दक्षता याच टप्प्यात घ्यावी लागते. अमेरिकेत १९८५ ते २०१६ या काळातील ट्रायथलॉन शर्यतींचा अभ्यास झाला. त्यात अचानक झालेले मृत्यू, हृदयक्रिया बंद पडण्याच्या घटना आणि अपघाती मृत्यू मिळून १३५ प्रसंग नोंदले गेले. त्यांपैकी ९० पोहताना घडले होते. बळी पडलेल्यांत मध्यमवयीन पुरुषांचे प्रमाण मोठे होते आणि अनेकांना आधीपासून हृदयाचा विकार असल्याचे शवविच्छेदनात आढळले. यावरून एक गोष्ट निश्चित होते. चाळिशी ओलांडलेल्या, तसेच छातीत दुखणे, चक्कर येणे अशी लक्षणे असलेल्या व्यक्तीने सराव सुरू करण्यापूर्वीच डॉक्टरांकडून हृदयाची तपासणी करून घ्यावी.

चंडीगडसारख्या समुद्रापासून दूर असलेल्या शहरातील माणसाला तरणतलावातच सराव करावा लागतो. तलावात तळाची रेघ दिसते, दर थोड्या अंतरावर भिंत येते. समुद्रात यांपैकी काही नसते. लाट तोंडावर येते, शेजाऱ्याचा हात लागतो आणि श्वास अडखळतो. म्हणून शर्यतीपूर्वी जाणकार सोबत्याबरोबर उघड्या पाण्यात काही वेळा पोहणे आवश्यक आहे. एकट्याने कधीही जाऊ नये. शर्यतीत घाबरल्यासारखे झाले, तर उताणे होऊन तरंगावे किंवा हात वर करून मदत मागावी. जीवरक्षकाच्या होडीला धरून थांबण्याची मुभा असते. होडीच्या साहाय्याने पुढे न सरकता दम खाणारा स्पर्धक बाद ठरत नाही.

शिदोरी

आपल्या स्नायूंत आणि यकृतात ग्लायकोजेन या रूपाने साखरेचा साठा असतो. त्यातून साधारण दोन हजार कॅलरी ऊर्जा मिळते. जोराचा व्यायाम केल्यास हा साठा दीड ते दोन तासांत संपत येतो. शर्यत तर सात-आठ तासांची! म्हणून सायकलवर असतानाच थोड्या थोड्या वेळाने खात राहावे लागते. ताशी सुमारे ६० ग्रॅम कर्बोदके बहुतेकांना पचतात. केळी, खजूर, गूळ, मीठ-साखर घातलेले लिंबाचे सरबत असे ओळखीचे पदार्थही उपयोगी पडतात. सरावात पचून गेलेलाच पदार्थ शर्यतीत खावा. त्या दिवशी नवा प्रयोग नको.

पाण्याच्या बाबतीत दोन्ही टोके टाळावीत. गोव्याच्या दमट उन्हात घाम भरपूर येतो, पण लवकर वाळत नाही आणि शरीर तापत जाते. अशा हवामानाची सवय होण्यास दहा ते चौदा दिवस लागतात. पाणी कमी पडले तर उष्माघाताचा धोका असतो. उलट, तहान नसताना नुसते पाणी पीत राहिल्यास रक्तातील सोडियमचे प्रमाण घसरते आणि तेही जिवावर बेतू शकते.

हवाईच्या पहिल्याच शर्यतीत जॉन डनबार सायकलचा टप्पा संपताना आघाडीवर होते. धावताना त्यांच्या मदतनिसांकडील पाणी संपले आणि त्यांनी पाण्याऐवजी बिअर दिली. डनबार दुसरे आले. बळ असूनही शिदोरीचे नियोजन चुकले, की असे होते.

अखेरचा टप्पा

१९८२ च्या फेब्रुवारीत हवाईच्या शर्यतीत ज्युली मॉस ही विद्यार्थिनी उतरली. व्यायामशास्त्राच्या प्रबंधासाठी तिने भाग घेतला होता आणि तिची ही पहिलीच आयर्नमॅन शर्यत होती. महिलांत ती आघाडीवर होती. अंतिम रेषा नजरेच्या टप्प्यात असताना तिचे पाय लटपटले आणि ती कोसळली. कॅथलीन मॅककार्टनी तिला मागे टाकून पुढे गेली. ज्युली हातांवर आणि गुडघ्यांवर रांगत २९ सेकंदांनी रेषेपलीकडे पोहोचली. दूरचित्रवाणीवर हे दृश्य पाहून अनेकजण या खेळाकडे वळले.

तिच्या जिद्दीचे कौतुक योग्यच आहे. परंतु नवशिक्याने त्या दृश्यातून दुसराही बोध घ्यावा. शरीरातील साठा रिता झाला, की नुसती इच्छा पायांना उभे ठेवू शकत नाही. म्हणून अनुभवी प्रशिक्षक सांगतात, की पोहताना शेजाऱ्याशी चढाओढ करू नये. सायकलवर बोलता येईल इतकाच दम लागू द्यावा. धावण्याचे पहिले किलोमीटर मुद्दाम सावकाश घ्यावेत. चालावेसे वाटले तर थोडे चालावे, पण चालण्याची वेळ आधीच ठरवून ठेवावी. आणि चक्कर, छातीत कळ किंवा बोलण्यात असंबद्धता आली, तर त्याच क्षणी थांबावे. थांबलेल्याला पुढच्या वर्षी पुन्हा उतरता येते.

हवाईतील कोना येथे मध्यरात्री मुदत संपत येते, तेव्हा पहाटे निघालेल्या अखेरच्या स्पर्धकांना पाहण्यासाठी रस्त्याच्या दुतर्फा गर्दी जमते. विजेते आपली शर्यत कितीतरी तास आधी संपवून मोकळे झालेले असतात. तरीही लोक या शेवटच्या माणसांसाठी टाळ्या वाजवतात. यांतील अनेकजण नोकरी आणि घर सांभाळून, पहाटेचा तास राखून, वर्षभर तयारी करत आलेले असतात. मुदतीच्या आत रेषा ओलांडणाऱ्या प्रत्येकाची, तो कितीही उशिरा पोहोचो, ‘पूर्ण’ अशीच नोंद होते.