तबकडीत न मावलेला सोंगाड्या

नाशिक जिल्ह्याची जुनी बोली शोधू लागलं की पहिली वाट सरकारी दप्तराकडे जाते. जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या भाषा-सर्वेक्षणातला मराठीचा खंड १९०५ साली निघाला, खानदेशीचा भाग १९०७ साली. दोन्हींचं काम स्टेन कोनो यांनी केलं. बागलाण-मालेगावकडची अहिराणी, म्हणजेच ही खानदेशी, त्यांनी मराठीच्या खंडात घेतली नाही, भिल्ली बोलींच्या शेजारी बसवली. पुढे १९१३ पासून सर्वेक्षणासाठी निरनिराळ्या प्रांतांत तबकड्याही मुद्रित झाल्या. बोलणाऱ्याने बायबलातली उधळ्या मुलाची गोष्ट आपल्या बोलीत सांगायची, जोडीला एखादी कथा किंवा गाणं.

मजकूर सगळीकडे तोच, म्हणून तुलना सोपी झाली. या कामाचं मोल मी कमी लेखत नाही. पण सांगून बोलायला बसवलेला माणूस आणि तमाशाच्या फडावर उभा राहिलेला विनोदी नट, म्हणजे सोंगाड्या, यांची भाषा एक नसते. ‘तुनं नाव काय शे?’ एवढं विचारताना सोंगाड्या मान कुठे वळवतो, कुठे थांबतो, पुढच्या रांगेतून आलेला शेरा कसा झेलतो, यावर बतावणी, म्हणजे तमाशातला हजरजबाबी विनोदी संवाद, उभी असते. जुन्या तबकडीची एक बाजू जेमतेम तीन-चार मिनिटांची. १९२५ पूर्वी विजेचं ध्वनिमुद्रणही नव्हतं. कर्ण्यात तोंड घालूनच गायचं. लावणी कापूनकुपून तिथे बसली. बतावणीला मात्र समोर माणसं लागतात.

नाशिकमध्ये ही बतावणी फार मोठ्या कामाला लागली. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून सत्याग्रह सुरू झाला. त्या धामधुमीत भीमराव कर्डक यांचा आंबेडकरी जलसा उभा राहिला. सत्यशोधक जलशांची वाट आधीच मळलेली होती. तमाशाचा बाज ठेवला, ढोलकी-तुणतुणं ठेवलं. नाचणाऱ्या बाया आणि शृंगार काढून टाकला. सोंगाड्या राहिला, पण आता तो भट-सावकाराला कोंडीत पकडणारे प्रश्न विचारू लागला. ज्याला पाटीवरचं अक्षर वाचता येत नव्हतं, त्याला सभेतला ठराव या हशातून कळला. माझ्या मते त्या काळातली बोलीची खरी शाळा हीच होती.

कर्डकांनी ‘आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य’ हे पुस्तक १९७८ साली काढलं, म्हणून त्या फडांची हकिगत तरी कागदावर उरली. त्यांच्याच जिल्ह्यातले, सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक (१९२२–२००४) मुंबईत गिरणीकामगार झाले आणि मोठेपणी अक्षरं शिकले. त्यांची गाणी पुढे इतरांच्या गळ्यातून कॅसेटींवर आली आणि वस्त्यावस्त्यांत वाजली.

त्या कॅसेटी आज घराघरांतल्या पत्र्याच्या पेट्यांत आहेत. दमटपणाने फीत चिकटते, बुरशी धरते. एकदा तुटली की मधला आवाज गेला. ग्रिअर्सनच्या तबकड्या संगणकावर ऐकायला मिळतात. तेवढीच निगा सिन्नर, निफाड, येवल्याच्या या पेट्यांची व्हायला हवी. प्रत्येक फितीसोबत कोण गातंय, ढोलकीवर कोण आहे, कार्यक्रम कुठल्या गावचा, हे जाणत्या म्हाताऱ्यांना विचारून आत्ताच लिहून घेतलं पाहिजे.