क्रेडिट कार्डच्या पॉईंटवर अंदमान: दुकानदाराने हिशोब कसा करायचा?

धंदा सुरू केला की पहिली गोष्ट कुठली बंद होते? सुट्टी. "पुढच्या वर्षी नक्की जाऊ" असं घरच्यांना सांगत सांगत पाच वर्षं निघून जातात. दुसरीकडे आपल्या हातातून महिन्याला पन्नास-साठ हजारांची खरेदी होते, आणि त्यावर मिळणाऱ्या पॉईंटकडे आपण बघतही नाही. आज या दोन गोष्टी जोडूया. उदाहरण घेऊ अंदमानचं: पोर्ट ब्लेअर, हॅवलॉक आणि नील, अशी तीन ठिकाणं, नवरा-बायको आणि एक मूल. पासपोर्ट लागत नाही आणि भारतीयांना या तीन ठिकाणांसाठी वेगळा परवानाही लागत नाही.

एक गोष्ट आधीच सांगतो. पॉईंटवर ट्रिप फुकट होत नाही, ती स्वस्त होते. फुकटच्या नादात लोक खेळतं भांडवल अडकवून बसतात, म्हणून आकडे नीट बघा. खालचे रुपये समजण्यासाठी धरलेले आहेत. तुमच्या कार्डाचे आणि आजच्या तिकिटाचे दर घालून स्वतःचा हिशोब करा.

१. पॉईंटची खरी किंमत काढा

समजा, तुमचं कार्ड दर १०० रुपयांना २ पॉईंट देतं. दुकानाचा माल, वीजबिल, इंटरनेट, घरचा किराणा मिळून महिन्याला ६०,००० रुपये कार्डावरून गेले. म्हणजे महिन्याला १,२०० पॉईंट, वर्षाला १४,४००.

आता हा एक पॉईंट किती पैशांचा? तो कुठे वापरता त्यावर अवलंबून आहे. मिक्सर, बॅग, गिफ्ट व्हाउचर अशा कॅटलॉगमध्ये बऱ्याचदा तो सगळ्यात स्वस्तात जातो. विमान तिकिटाला किंमत जास्त मिळू शकते. तपासायचं सूत्र सोपं आहे:

तिकिटाची रोख किंमत, वजा पॉईंट वापरूनही खिशातून भरायचे कर आणि फी, भागिले लागणारे पॉईंट.

समजा तिकीट ७,००० रुपयांचं आहे. पॉईंटवर घेतलं तर १०,००० पॉईंट आणि वर १,५०० रुपये कर. मग ५,५०० भागिले १०,००० म्हणजे पॉईंट पडला ५५ पैशांना. तोच पॉईंट कॅटलॉगमध्ये २५ पैशांना जात असेल, तर तिकीट घेणं दुपटीहून फायद्याचं. आपण पुढे सरळ ५० पैसे धरू.

काही कार्डांचे पॉईंट विमान कंपनीच्या खात्यात वळवता येतात. एअर इंडियाचा महाराजा क्लब आणि इंडिगोचा ब्लूचिप हे असे दोन कार्यक्रम. पण एकदा वळवलेले पॉईंट सहसा परत येत नाहीत. म्हणून आधी हव्या त्या तारखेची सीट दिसतेय का बघा, मगच वळवा.

२. पॉईंट कुठे तोट्यात जातात?

हा भाग दोनदा वाचा.

पहिली जागा, होलसेलरचा सरचार्ज. डिस्ट्रिब्युटर म्हणाला, "कार्डावर घ्या, पण दोन टक्के वर लागतील." ३५,००० च्या मालावर ७०० रुपये गेले. पॉईंट मिळाले ७००, म्हणजे ३५० रुपये. महिन्याला ३५० चा तोटा, वर्षाला ४,२००. तिथे सरळ बँकेतून पैसे द्या.

दुसरी जागा, थकबाकी. ६०,००० चं बिल आलं आणि तुम्ही फक्त मिनिमम रक्कम भरली. व्याज महिन्याला साडेतीन टक्के धरलं, तर जवळपास सगळीच रक्कम थकल्यावर २,१०० रुपये व्याज आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, एकूण सुमारे २,४७८. त्या महिन्याचे पॉईंट होते ६०० रुपयांचे. एका महिन्याच्या थकबाकीने चार महिन्यांचे पॉईंट खाल्ले! शिवाय थकबाकी असताना नवीन खरेदीवरही बिनव्याजी मुदत मिळत नाही. ज्याची उधारी वेळेवर वसूल होत नाही, त्याने आधी उधारी सोडवावी, पॉईंट नंतर.

तिसरी जागा, वगळलेले खर्च. पेट्रोल, दुकानभाडं, वॉलेटमध्ये पैसे भरणं, सरकारी भरणा यांवर बऱ्याच कार्डांवर पॉईंट कमी मिळतात किंवा मिळतच नाहीत. कार्डाचं नियमपत्रक उघडा आणि वार्षिक फी, पॉईंटची मुदत आणि वगळलेल्या खर्चांची यादी एका कागदावर लिहा.

३. ट्रिपचं बजेट

पाच रात्री, सहा दिवस, तिघे जण:

- विमान (प्रत्येकी १४,००० येऊन-जाऊन): ४२,०००
- राहणं (२,५०० प्रमाणे पाच रात्री): १२,५००
- बोट (तीन टप्पे, प्रत्येकी १,५००): १३,५००
- जेवण आणि रिक्षा-टॅक्सी: १०,८००
- स्नॉर्केलिंग, तिकिटं, इतर: ७,०००

एकूण ८५,८००. दोन वर्षांचे पॉईंट २८,८००, म्हणजे १४,४०० रुपये. तिघांपैकी एकाचं विमान सुटलं, वर थोडे उरले. राहिले ७१,४००. ते गल्ल्यातून रोज १२० रुपये बाजूला काढून उभे राहतात: वर्षाचे ३०० दिवस दुकान उघडं धरलं तर दोन वर्षांत ७२,०००. वेगळं खातं उघडा आणि त्याला हात लावू नका. दुकानाच्या वहीत हे पैसे मालकाची उचल म्हणून लिहा. घरची ट्रिप हा धंद्याचा खर्च नाही.

४. बेटांचा क्रम

मुंबई-पुण्याहून चेन्नई किंवा कोलकातामार्गे पोर्ट ब्लेअरला जाता येतं. २०२४ पासून शहराचं अधिकृत नाव श्री विजयपुरम आहे. हॅवलॉकचं नाव २०१८ पासून स्वराज द्वीप आणि नीलचं शहीद द्वीप. बुकिंग करताना दोन्ही नावं दिसतील, गोंधळू नका.

पहिला दिवस पोर्ट ब्लेअर आणि सेल्युलर जेल. मूळच्या सात इमारतींपैकी आज तीन उभ्या आहेत. सावरकरांना १९११ मध्ये इथेच आणलं होतं, मुलांना हे जागेवर दाखवा. दुसरा आणि तिसरा दिवस हॅवलॉक: राधानगर बीच, एलिफंटा नव्हे, एलिफंट बीच. चौथा दिवस नील: भरतपूर आणि लक्ष्मणपूर बीच. पाचव्या दिवशी बोटीने परत पोर्ट ब्लेअर, सहाव्या दिवशी विमान.

या गोल फेरीत एकाच रस्त्याने परत यावं लागत नाही, त्यामुळे बोटीचे तीनच टप्पे होतात. आणि पाचवी रात्र पोर्ट ब्लेअरलाच काढायची. समुद्र खवळला तर बोट रद्द होते. त्याच दिवशीचं विमान असेल तर तिघांची तिकिटं बुडतील, मग कसली बचत?

सरकारी बोट खाजगीपेक्षा बरीच स्वस्त असते, पण जागा लवकर संपतात. सगळ्यांची ओळखपत्रं जवळ ठेवा. थोडी रोख रक्कमही ठेवा, बेटावर नेटवर्क दगा देऊ शकतं. सूर्य लवकर मावळतो, हिवाळ्यात पाचच्या सुमारास. म्हणून दिवस पहाटे सुरू करा. शंख-प्रवाळ उचलून आणू नका, कारवाई होते.

५. दुकान कधी बंद ठेवायचं?

समुद्र शांत असतो तो हंगाम साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबर ते एप्रिल. त्यातली दिवाळी आणि नाताळ वगळा, तिकिटं महाग असतात आणि दिवाळीत तर आपला गल्लाही सोडवत नाही. स्टेशनरीवाल्याला जून सोडता येत नाही, कपडेवाल्याला लग्नसराई. संक्रांतीनंतरचे आठवडे बऱ्याच धंद्यांना थोडे मोकळे असतात. मागच्या वर्षीची वही काढा, सगळ्यात कमी विक्रीचा आठवडा शोधा. त्या सहा दिवसांत जो नफा बुडणार, तोही ट्रिपच्या खर्चात धरा. विश्वासू माणसाला अर्धा दिवस दुकान उघडायला सांगता आलं, तर हा आकडा कमी होईल.

आजचा होमवर्क

तीन गोष्टी लिहून काढा: तुमच्याकडे आत्ता किती पॉईंट आहेत, ते कधी संपतात, आणि वरच्या सूत्राने एक पॉईंट किती पैशांचा पडतो. सरचार्ज आणि व्याज मिळून पॉईंटपेक्षा जास्त जात असेल तर कार्ड आजच कपाटात ठेवा आणि फक्त रोजच्या १२० रुपयांवर या. ट्रिप थोडी उशिरा होईल, पण कर्जाशिवाय होईल. घरच्यांना या वेळी "पुढच्या वर्षी" म्हणू नका, तारीख सांगा.