दिवस भरून गेले, कळा नाहीत. मग काय करावे?

गेल्या पावसाळ्यात, ऐन भात लावणीच्या दिवसांत, एका संध्याकाळी तिघे जण भिजत आमच्या दाराशी आले. सासू, मुलगा आणि पहिलटकरीण सून. सुनेच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेले तायी कार्ड होते. दिवस उलटून गेले आहेत, उद्या दाखल व्हा, औषधाने कळा आणाव्या लागतील, असे डॉक्टरीणबाईंनी सांगितले होते. सासूबाईंना ते मुळीच पटले नव्हते.

"फादर, फळ पिकलं की आपोआप गळतंय. ते हलवून पाडायचं कशाला? आणि कळा आणवल्या की शेवटी पोटच फाडतात म्हणे," त्या म्हणाल्या. मुलगा खाली मान घालून उभा होता. सून रडवेली झाली होती.

बाळंतपणाच्या गोष्टीत आम्ही काय बोलणार? सेमिनरीत हा विषय शिकवीत नाहीत. आम्ही त्यांना चहा दिला आणि ओळखीच्या एका स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंना फोन लावून सासूबाईंचे शंकासमाधान करविले. त्या दिवशी जे ऐकले व पुढे वाचून, विचारून जे समजले, ते सर्वांच्या उपयोगाचे आहे म्हणून येथे देत आहोत. त्या मुलीची हकीगत तिच्या संमतीने, नाव न घालता सांगत आहोत.

दिवस कसे मोजावेत?

बाईची शेवटची पाळी ज्या दिवशी सुरू झाली, त्या दिवसापासून 280 दिवस, म्हणजे 40 आठवडे मोजतात. सोपा हिशेब म्हणजे नऊ महिने आणि सात दिवस. गाईचे दिवसही जवळपास एवढेच असतात; म्हशीचे सुमारे 310. आपला शेतकरी गाय भरवली की तारीख गोठ्याच्या भिंतीवर कोळशाने लिहून ठेवतो. बायकोच्या पाळीची तारीख मात्र घरात कोणी लिहून ठेवीत नाही! मग "नववा सरला", "गणपतीच्या आधी की नंतर" असा अंदाजपंचे हिशेब चालतो. तारीख चुकली तर पुढचा सारा निर्णय चुकतो. पाळी चुकताच तारीख लिहावी, आशाताईंकडे नाव नोंदवावे आणि पहिल्या तीन महिन्यांत सोनोग्राफी करून घ्यावी. दिवसांचा सर्वांत खरा अंदाज त्याच सोनोग्राफीत मिळतो.

सांगितलेल्या तारखेलाच बाळंतपण होईल असे नाही. चार-आठ दिवस मागेपुढे होतातच. त्यामुळे तारीख उलटली की त्याच दिवशी घाबरून जाऊ नये.

कळा का आणाव्या लागतात?

फळाची उपमा चांगली आहे, पण अपुरी आहे. बाळाला अन्न आणि प्राणवायू वारेतून मिळतो. वार ही ठरावीक मुदतीची असते. 41 आठवडे उलटल्यावर काही बायकांच्या बाबतीत ती नीट काम करीनाशी होते, पिशवीतले पाणी कमी होते आणि बाळ पोटातच दगावण्याचा धोका वाढू लागतो. हा धोका थोडा असतो, पण दर आठवड्याने वाढत जातो. शेतातले भात पिकून वेळेवर कापले नाही तर दाणा झडतो, हे आपण जाणतोच.

स्वीडन देशात याची पाहणी झाली. 2019 साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. 2,760 गरोदर बायकांचे दोन गट केले होते. एका गटात 41 आठवड्यांना कळा आणविल्या, दुसऱ्या गटात 42 आठवड्यांपर्यंत वाट पाहिली. वाट पाहणाऱ्या गटात सहा बाळे दगावली. पहिल्या गटात एकही नाही. पाहणी मध्येच थांबवावी लागली, कारण आणखी बायकांना थांबवून ठेवणे योग्य वाटेना. जागतिक आरोग्य संघटनेचाही सल्ला असाच आहे: 41 आठवडे नक्की पूर्ण झाले असतील तर कळा आणाव्यात, सर्व काही ठीक असताना त्याआधी घाई करू नये.

दिवस उलटणे हे एक कारण झाले. दुसरी कारणेही आहेत. रक्तदाब वाढून पायावर, तोंडावर सूज येणे, लघवीतून प्रथिने जाणे, पाण्याची पिशवी फुटूनही कळा न येणे, गरोदरपणातला मधुमेह, बाळाची वाढ खुंटणे. रक्तदाबाच्या बाईला तर दिवस भरण्याची वाट पाहणेही कधी कधी जिवावर बेतते. झटके येऊ शकतात.

याच्या उलट, वार गर्भाशयाच्या तोंडावर आलेली असेल किंवा बाळ आडवे असेल तर कळा आणवीत नाहीत. अगोदर सिझेरियन झालेल्या बाईने ती गोष्ट पहिल्याच भेटीत सांगावी. तिला काही औषधे देता येत नाहीत, कारण जुना टाका उसवून गर्भाशय फाटण्याची भीती असते.

कळा कशा आणतात?

प्रथम डॉक्टर आतून तपासतात. गर्भाशयाचे तोंड किती उघडले आहे, किती पातळ झाले आहे, मऊ आहे की कठीण, कोणत्या बाजूला वळले आहे आणि बाळाचे डोके किती खाली उतरले आहे, या पाच गोष्टींना गुण देतात. ही गुणपत्रिका अमेरिकेतील डॉ. बिशप यांनी 1964 साली घालून दिली. गुण कमी म्हणजे तोंड अजून कच्चे. कच्च्या तोंडावर नुसत्या कळा आणून उपयोग नाही. आधी नांगरट आणि चिखलणी, मग लावणी, तसेच हे.

तोंड मऊ करण्याचे दोन-तीन मार्ग आहेत. एक म्हणजे रबरी नळीचा लहान फुगा आत सरकवून त्यात पाणी भरणे. दुसरा म्हणजे जेल लावणे. तिसरा म्हणजे मिसोप्रोस्टॉल या गोळीची अगदी बारीक मात्रा, 25 मायक्रोग्रॅम, दर दोन तासांनी पोटातून देणे. फुगा बरा की गोळी, याची परीक्षा आपल्या मराठी मुलखातच झाली आहे. नागपूरच्या दोन सरकारी रुग्णालयांत रक्तदाब वाढलेल्या 602 बायकांवर हा अभ्यास झाला आणि 2017 साली तो 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. गोळी घेतलेल्या शंभरातल्या 57 बायका 24 तासांत नैसर्गिक मार्गाने बाळंत झाल्या. फुगा घातलेल्या शंभरातल्या 47.

तोंड तयार झाले की पाण्याची पिशवी फोडतात आणि सलाइनमधून ऑक्सिटोसिन थेंबाथेंबाने देतात. हे द्रव्य बाईच्या मेंदूखालच्या ग्रंथीतून आपोआप पाझरतच असते. कळाही त्यानेच येतात आणि बाळाला पाजताना पान्हाही त्यानेच सुटतो. 1953 साली अमेरिकेत व्हिन्सेंट द्यू विन्यो यांनी ते प्रयोगशाळेत तयार केले. 1955 सालचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले.

त्या मुलीचे काय झाले?

ती दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता दाखल झाली. तिला 41 आठवडे आणि दोन दिवस झाले होते. तोंड कठीण आणि बंद होते. दर दोन तासांनी गोळी सुरू झाली. दुपारपर्यंत काहीच घडले नाही. संध्याकाळी कंबर भरून आली. रात्री बारीक कळा येऊन विरून जात होत्या. "आता नाहीच होणार," असे म्हणून ती रडली. सासूबाई रात्रभर तिची कंबर चोळीत बसल्या होत्या.

सकाळी तोंड दोन बोटे उघडले होते. पिशवी फोडली तेव्हा पाणी किंचित हिरवट निघाले, म्हणजे बाळाने आतच शी केली होती. दिवस उलटलेल्या बाळांत असे होते. सलाइन लागले आणि दुपारनंतर कळा एकावर एक येऊ लागल्या. दहा मिनिटांत पाचाहून जास्त. बाळाचे ठोके मंदावले. नर्सबाईंनी लगेच सलाइन थांबवले, तिला डाव्या कुशीवर वळवले. थोड्या वेळाने ठोके सुधारले. ती पाच मिनिटे सासूबाई आजही विसरलेल्या नाहीत. संध्याकाळी सहा वाजता मुलगी झाली. वजन दोन किलो नऊशे ग्रॅम. बालरोगतज्ज्ञ शेजारीच उभे होते. बाळ रडले तेव्हा सासूबाईही रडल्या.

एकूण 33 तास लागले. ती मुलगी आम्हाला म्हणाली, "फादर, इतका वेळ लागतो हे आधी कोणी सांगितलं असतं तर मी एवढी घाबरले नसते." हा लेख लिहिण्याचे कारण तेच. पहिलटकरणीला कळा आणताना एक दिवस, कधी दोन दिवस लागतात. वेळ लागला म्हणजे काही बिघडले असे नव्हे. औषधाच्या कळा काही बायकांना अधिक जोराच्या वाटतात, हेही खरे. चालणे, कूस बदलणे, लांब श्वास घेणे आणि जवळ आपले माणूस असणे, यांनी त्या सोसवतात. वेदना कमी करण्याचे औषध मागण्यात कमीपणा नाही. बाईने वेदना सोसल्याच पाहिजेत, असे ख्रिस्तसभाही म्हणत नाही. बाळंतपणाच्या वेदना कमी करणे धर्माविरुद्ध नाही, असे बारावे पायस यांनी जानेवारी 1956 मध्येच स्पष्ट केले होते.

"शेवटी पोटच फाडतात" हे खरे का?

कधी कधी कळा आणूनही तोंड उघडत नाही किंवा बाळाला त्रास होतो, तेव्हा सिझेरियन करावे लागते. पण कळा आणल्यामुळेच सिझेरियन वाढते, हा समज बरोबर ठरलेला नाही. अमेरिकेत 6,106 निरोगी पहिलटकरणींची पाहणी 2018 साली प्रसिद्ध झाली. कळा आणविलेल्यांत शंभरात सुमारे 19 जणींचे सिझेरियन झाले. वाट पाहिलेल्यांत सुमारे 22 जणींचे. अर्थात तिथे क्षणोक्षणी लक्ष ठेवले जाते. म्हणून कळा आणवायच्या त्या रक्त आणि शस्त्रक्रियेची सोय असलेल्या दवाखान्यातच.

घरी इंजेक्शन? मुळीच नको

आता सर्वांत महत्त्वाचे. म्हैस पान्हा सोडीत नाही म्हणून काही जण तिला जे इंजेक्शन टोचतात, ते हेच ऑक्सिटोसिन. या दुरुपयोगामुळे केंद्र सरकारने 2018 साली खासगी कंपन्यांना ते बनविण्यास बंदी केली आणि उत्पादन बेंगळुरूच्या सरकारी कारखान्याकडेच ठेवले. पण बाळंतिणींसाठी औषधाचा तुटवडा पडेल, म्हणून दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ती बंदी रद्द केली. एकच औषध गोठ्यात गैरवापराचे आणि दवाखान्यात जीव वाचविणारे ठरते, ते असे.

बाळंतपण लवकर उरकावे म्हणून घरी कोणी हे इंजेक्शन टोचू लागला तर त्याचा हात धरावा. सलाइनचा थेंब कमी-जास्त करता येतो, थांबवता येतो. दंडात टोचलेले औषध परत काढता येत नाही. कळा अनावर होऊन बाळ गुदमरते, गर्भाशय फाटू शकते.

गोळीचेही तसेच. बेळगाव जिल्ह्यात जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाच्या डॉक्टरांनी 1,620 बायकांवर केलेला अभ्यास 2006 साली प्रसिद्ध झाला आणि जगभर वाखाणला गेला. बाळ जन्मल्यावर लगेच मिसोप्रोस्टॉल दिल्याने अतिरक्तस्रावाचे प्रमाण शंभरात 12 वरून सुमारे सहावर आले. ती मात्रा 600 मायक्रोग्रॅमची होती. कळा आणण्याची मात्रा 25 ची, म्हणजे तिचा चोविसावा भाग. बाळ जन्मण्याआधी चुकून मोठी मात्रा दिली तर अनर्थ होतो. "अमकीला दिली होती" म्हणून दुकानातून गोळी आणू नये.

लक्षात ठेवा

1. डॉक्टरांनी कळा आणण्यास सांगितले तर विचारावे: कारण काय? दिवस नक्की किती झाले? थांबलो तर काय धोका? सिझेरियनची सोय येथेच आहे का? प्रश्न विचारणे म्हणजे अविश्वास नव्हे.

2. मुहूर्तासाठी, लावणीसाठी किंवा कोणाच्या सुट्टीसाठी आपणहून कळा आणवून मागू नयेत.

3. बाळाची हालचाल कमी झाली, पाणी गेले, रक्त दिसले, डोके फार दुखले किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली तर तारखेची वाट न पाहता दवाखाना गाठावा. आमच्या गुंजीकडच्या पावसात रात्री गाडी मिळणे कठीण असते. आठवा महिना लागताच गाडीवाल्याशी बोलून ठेवावे, 108 क्रमांक घरातल्या सर्वांना पाठ असावा.

4. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियनसुद्धा, 2011 पासूनच्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहे. औषधे, जेवण, जाण्या-येण्याची गाडीही त्यात येते. पैशाअभावी कोणी घरी थांबू नये.

5. नवऱ्याने लावणी एक दिवस दुसऱ्यावर सोपवावी. रोप एक दिवस थांबते.

परवा त्या सासूबाई नातीला घेऊन आल्या होत्या. शेजारच्या एका सुनेचे दिवस भरत आले आहेत, असे सांगत होत्या. "तिची तारीख मी भिंतीवर लिहायला लावली आहे," त्या म्हणाल्या. "गोठ्याच्या नव्हे हो फादर, घराच्या!"