गाडी प्रतिष्ठेसाठी नव्हे, वेळेसाठी

गैरसमज : पुणेकर आळसापोटी किंवा प्रतिष्ठेसाठी बस सोडून गाडी काढतात.

वस्तुस्थिती : वाहतूक कोंडीचा विषय निघाला की हे निदान हमखास ऐकू येते, पण ते टिकत नाही. मुंबईत दारात मोटार असलेली माणसेही लोकलच्या पहिल्या वर्गाचा पास काढतात. तेच कुटुंब पुण्यात आले की आधी स्कूटर घेते. खंडाळ्याचा घाट ओलांडल्याने स्वभाव बदलत नाही. बदलते ती वाहतूक व्यवस्था.

गर्दीच्या वेळी लोकल दर तीन-चार मिनिटांनी येते. पुण्यात अनेक मार्गांवर बस कधी येईल याचा नेम नसतो. थांब्यावरचा वेळ प्रवाशाला गाडीत बसलेल्या वेळेच्या साधारण दुप्पट जाचतो, असे वाहतूक-अर्थशास्त्रातील अभ्यास सांगतात. केंद्रीय नगरविकास मंत्रालयाच्या निकषानुसार उत्तम सेवेसाठी हजार लोकसंख्येमागे 0.6 बस लागतात. 2011 च्या जनगणनेतील पुणे आणि पिंपरी-चिंचवडची 48 लाख लोकसंख्या धरली तरी सुमारे 2,900 बस हव्यात. दोन्ही शहरांत बससेवा चालवणाऱ्या पीएमपीच्या बस त्याहून बऱ्याच कमी आहेत आणि लोकसंख्या तेव्हापासून वाढतच गेली आहे.

पैशांचा हिशेबही बसच्या बाजूने नाही. जून 2025 च्या भाडेवाढीनंतर आठ किलोमीटरला माणशी 20 रुपये पडतात. लिटरला 45 किलोमीटर जाणारी स्कूटर तेवढ्याच पेट्रोलखर्चात दोघांना नेते, वर रस्त्यावर बहुतेक ठिकाणी फुकट उभी राहते. मुलाला शाळेत सोडून ऑफिस आणि येताना भाजी, अशा तुकड्यातुकड्यांच्या प्रवासात तर बस बसतच नाही. हा आळस कसा?

इतर गैरसमज

- तिकीट फुकट केले की गाड्या घटतील. एस्टोनियातील टॅलिनने 2013 मध्ये शहरवासीयांना प्रवास मोफत केला; बसकडे वळलेल्यांत पूर्वी पायी जाणारे बरेच होते.
- रस्ते रुंद केले की कोंडी सुटेल. ड्युरँटन व टर्नर यांच्या 2011 च्या अमेरिकी अभ्यासात रस्त्यांवरील मार्गिकांच्या एकूण लांबीच्या प्रमाणात वाहतूकही वाढलेली आढळली.
- मेट्रो आली, आता गाडी कशाला? पुणे मेट्रो 2022 पासून धावते. पण घर ते स्थानक या अंतराचा प्रश्न पूरक बस आणि चालण्याजोगा पदपथ असेल तरच सुटतो.

थांब्यावर दर दहा मिनिटांनी बस, तिला स्वतंत्र मार्गिका आणि गाडी उभी करण्याचे रास्त शुल्क, एवढे आधी व्हावे. नागरिकांना उपदेश त्यानंतर.