फलकावरची पऱ्हाटी

मृग जवळ आला, की बीडच्या बाजारात कापसाच्या बियाण्यांचे मोठे फलक लागतात. पूर्वी असे फलक पेंटर हाताने रंगवीत. आता यंत्र ते प्लॅस्टिकच्या कापडावर छापते. चित्रसुद्धा पुष्कळदा संगणकच काढतो. संगणकाच्या या अकलेला एआय, म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्ता, म्हणतात.

लाखो चित्रे दाखवून तिला शिकवलेले असते. ‘बोंडांनी लगडलेली पऱ्हाटी’ म्हटले, की चित्र तयार! लहान चित्र २० फुटांचे करतानाही ती बारकावे अंदाजाने भरते.

पण ती पऱ्हाटी कुठल्याच रानात उगवलेली नसते. म्हणून आम्ही म्हणतो, चित्राला भुलू नका. आता आपल्याला वाचता येते. पिशवीवरचे वाणाचे नाव आणि मुदत वाचा. पक्की पावती घ्या. बी उगवले नाही, तर तक्रारीला तीच कामी येते.