वत्सगुल्माच्या भूमीत वामनदादांचे गाणे

वैशाखी पौर्णिमा जवळ आली की वऱ्हाडातील रात्रींना गाण्याचे वेध लागतात. उलंगवाडी होऊन रिकामी पडलेली वावरे, मृगाची वाट पाहणारी काळी जमीन आणि दिवसभर डोळ्यांत सलणारे ऊन, अशा दिवसांत माणसांनी एकत्र यावे ते सूर्यास्तानंतरच. सायंकाळी विहारात त्रिशरण-पंचशील होते, खिरीचे वाटप होते, आणि जेवणखाण आटोपले की लहानमोठ्या सभागृहाकडे पावले वळू लागतात. वाशीम जिल्ह्याच्या गावांत नाट्यगृह म्हणावे अशी वास्तू क्वचितच आढळते. समाजमंदिराची खोली, विहारापुढचा ओटा, शाळेची पडवी हीच तेथील रंगभूमी. शे-दोनशे माणसे दाटीने बसली की ती भरून जाते आणि गाणाऱ्याच्या कपाळावरचा घाम शेवटच्या रांगेतूनही दिसतो.

या भूमीचे आणि काव्याचे नाते फार जुने आहे. आजचे वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. दहाव्या शतकाच्या सुमारास राजशेखराने आपल्या ‘काव्यमीमांसा’ या ग्रंथात एक मोठी मनोहर कथा सांगितली आहे. सरस्वतीचा पुत्र काव्यपुरुष रुसून निघून गेला. त्याला वश करण्यासाठी गौरीने साहित्यविद्यावधू निर्माण केली. ती देशोदेशी त्याच्या मागे हिंडली, आणि अखेर विदर्भातील वत्सगुल्म नगरात त्या दोघांचा विवाह झाला. याच शाखेच्या हरिषेण राजाच्या काळात, पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात, त्याचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे सोळावे लेणे कोरवून संघाला अर्पण केले. वाशीमला सापडलेला वाकाटकांचा ताम्रपटही मोठा बोलका आहे. त्यातील वंशावळीचा भाग संस्कृतात असून दानाचा व्यवहार प्राकृतात, म्हणजे लोकांना कळणाऱ्या बोलीत लिहिलेला आहे. मानाची भाषा एक आणि कामाची दुसरी, ही आपली रीत अशी दीड हजार वर्षांहून जुनी!

परंतु ज्या नगरात काव्याचे विद्येशी लग्न लागले असे ग्रंथ सांगतो, त्याच्याच परिसरातील बहुसंख्य माणसांना शतकानुशतके अक्षराची ओळख नव्हती. त्यांच्यापाशी होते ते गाणे. त्या माणसांचा कवी कसा असेल, याचे उत्तर लोककवी वामनदादा कर्डक यांच्या रूपाने मिळाले.

वामनदादा वऱ्हाडचे नव्हेत. त्यांचा जन्म १५ ऑगस्ट १९२२ रोजी नाशिक जिल्ह्यातील सिन्नर तालुक्यात, देशवंडी या गावी झाला. पोट भरण्यासाठी ते मुंबईस गेले आणि मिळेल ते काम करीत राहिले. तेथे कोणी एकाने त्यांच्यापुढे एक पत्र वाचावयास धरले. ते त्यांना वाचता आले नाही, आणि त्या वेदनेतूनच ते अक्षरे शिकले. समता सैनिक दलातील देहलवी नावाच्या गुरुजींकडून मुळाक्षरे घेतली आणि रस्त्यावरील दुकानांच्या पाट्या वाचीत जोडाक्षरांपर्यंत मजल मारली. १९४३ साली त्यांनी पहिले गीत रचले. तेथून १५ मे २००४ रोजी देह ठेवीपर्यंत त्यांची गीतरचना चालू होती. गीतांची संख्या काही हजारांत सांगतात. ‘वाटचाल’ (१९७३) आणि ‘मोहळ’ (१९७६) यांसारखे संग्रह निघाले खरे, पण छापलेले थोडे आणि गायिलेले फार, असाच हिशोब राहिला. १९९३ मध्ये वर्धा येथे भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय आंबेडकरी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे चालत आले. पत्र न वाचता आलेला माणूस साहित्यिकांच्या संमेलनाचा अध्यक्ष होतो, ही गोष्ट राजशेखराच्या कथेहून कमी नवलाची नाही.

त्यांच्या गीतांनी केलेले खरे काम समजून घ्यावयाचे, तर १९५६ सालाकडे पाहावे लागते. १४ ऑक्टोबरला, विजयादशमीस, नागपूरच्या दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी लक्षावधी अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली. त्यानंतर अवघ्या ५३ दिवसांनी, ६ डिसेंबरला, त्यांचे महापरिनिर्वाण झाले. घराघरांत जुने देव्हारे रिकामे झाले होते. नव्या धम्माची वंदना पाली भाषेत होती. बाबासाहेबांचा ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ हा ग्रंथ १९५७ साली प्रसिद्ध झाला, पण तो इंग्रजीत. वाचणारे हात थोडे आणि दीक्षा घेतलेली माणसे लाखोंनी! मग तथागत कोण, त्यांनी काय सांगितले, पूर्वीचे काय सोडावयाचे आणि नवे काय धरावयाचे, हे खेड्यातील बाईमाणसाला कोणी समजावून द्यावे? भिक्षू मोजके होते, पुढारी शहरांत होते. हे काम गाणाऱ्यांनी केले. दळताना, निंदताना, पाळण्याची दोरी ओढताना म्हणता येईल अशा मराठीत त्यांनी बुद्ध घरात आणला. धर्मांतराचा इतिहास लिहिणारे याची नोंद एखाद्या ओळीत उरकतात, आणि हे आम्हास न्याय्य वाटत नाही.

वामनदादांच्या मागे जलशाची परंपरा होती. सत्यशोधकांनी तमाशाचा साचा घेतला, त्यातील मजकूर पालटला आणि जलसा उभा केला. आंबेडकरी जलशांनी तो आणखी पुढे नेला. त्या जलशांतील एक अग्रणी शाहीर भीमराव कर्डक हेही नाशिककडचेच. आडनाव एकच असल्यामुळे पुष्कळांचा घोटाळा होतो, म्हणून हे सांगितले. पारंपरिक तमाशात आरंभी गणेशस्तवनाचा गण असतो. दीक्षेनंतर त्या जागी बुद्धवंदना आली. चाली मात्र ओळखीच्याच राहिल्या. ओव्या, भजने, कव्वाल्या, एवढेच नव्हे तर त्या त्या वर्षी गाजलेली चित्रपटगीतेदेखील. चाल उसनी म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे, की ओळखीच्या चालीवर नवा शब्द एका रात्रीत पाठ होतो.

मोठ्या मैदानावरील गायन निराळे आणि लहान सभागृहातील निराळे. मैदानावर आवाज पोहोचतो. सभागृहात शब्द पोहोचतो. पेटी, ढोलकी, झांज आणि मागे झील धरणारे दोघे-तिघे, एवढाच सरंजाम. बायका एका बाजूस, मांडीवर झोपलेली मुले. म्हातारी माणसे हटकून पुढे. एखादे कडवे आवडले की कोणी उठून दहा-वीस रुपयांची नोट पेटीवर ठेवतो, त्याचे नाव पुकारले जाते आणि कडवे पुन्हा होते. मधेच मागून आवाज येतो, “दादा, ते पयलं म्हना!” अशा बैठकीत गीतकार स्वतः उभा असेल, तर गाण्याचे रूपच पालटते. तयारीचा गायक सुरावर थांबतो, कवी अर्थावर थांबतो. धनवंतांची नावे घेऊन, देशाच्या संपत्तीत आमचा वाटा कोठे आहे, असा रोकडा प्रश्न विचारणारे वामनदादांचे गीत प्रसिद्ध आहे. त्याला सुरेल तानेपेक्षा प्रश्न विचारणाऱ्याचा चेहरा अधिक लागतो. वामनदादा उतारवयापर्यंत गावोगाव फिरून गात राहिले. विदर्भातही त्यांनी गीते ऐकविली, शिष्य जोडले. गाणाऱ्यांच्या दोन पिढ्या त्यांच्या रचनेवर उभ्या राहिल्या.

यातच एक काळजीची गोष्ट दडलेली आहे. संतांनी अभंगाच्या शेवटी आपली नाममुद्रा ठेवली. ‘तुका म्हणे’ ऐकताच अभंग कोणाचा, हे अडाण्यालाही कळते. वाशीमच्या शेजारी बुलढाणा जिल्ह्यातील मेहुणाराजा हे चोखामेळ्याचे जन्मस्थान मानले जाते. त्या चोखोबांना देवळाच्या आत पाऊल टाकता आले नाही, पण शेवटच्या चरणातील नावाने त्यांचे अभंग सुमारे सातशे वर्षे त्यांचेच राहिले. वामनदादांनीही गीताच्या अखेरच्या कडव्यात ‘वामन’ हे नाव गुंफण्याची हीच रीत पाळली. ज्याचे लेखन कागदापेक्षा लोकांच्या कंठात राहणार, त्याला दुसरी सही ती कोणती? आणि आज नेमके तेच कडवे गळते आहे. ध्वनिमुद्रणाची वेळ आखूड, मिरवणुकीतील डीजेला ठेका हवा. मग मुखडा आणि दोन कडवी घेतली की गाणे उरकते. नाव असलेला चरण ऐकूच येत नाही. कार्यक्रमाच्या पत्रिकेवर गायकाचे छायाचित्र ठळक असते, गीतकाराचे नाव बहुधा नसतेच. त्यामुळे वामनदादांची कितीतरी गीते ‘पारंपरिक’ म्हणून, तर काही भलत्याच कोणाच्या नावावर फिरताना आढळतात. २०२२ साली त्यांची जन्मशताब्दी आली, तेव्हा भाषणे पुष्कळ झाली. शेवटच्या कडव्याविषयी कोणी बोलल्याचे आमच्या तरी कानावर आले नाही.

लहान सभागृहात मात्र अजून पुरते गाणे ऐकावयास मिळते. तेथे कोणाला घाई नसते. मध्यरात्र उलटते, चहाची किटली फिरते, पेंगुळलेली मुले आईच्या पदराखाली जातात. जुन्या वळणाचा ढोलकीवाला असेल तर तो अखेरच्या कडव्याला हात हलका करतो, आणि पुढच्या रांगेतील म्हातारे नाव येण्याच्या आधीच मान डोलवू लागतात.