धमकी आणि मोजदाद

माळव्याच्या पठारावर इंदूरच्या एका अंगास देवास आणि दुसऱ्या अंगास धार अशी पवारांच्या राजवटीची दोन जुनी गावे वसलेली आहेत, आणि इकडच्या मराठी घरांतून या दोन्ही नावांचा उच्चार अद्यापि जोडीनेच होतो. ४ फेब्रुवारी २०२५ रोजी या दोहोंच्या मध्ये असलेल्या इंदूर शहरातील दोन खासगी शाळांना बॉम्बने उडवून देण्याची धमकी ई-मेलने आली. मुले तातडीने बाहेर काढण्यात आली, पोलिसांच्या पथकांनी इमारतींचा कानाकोपरा तपासला आणि अखेर आक्षेपार्ह असे काहीही हाती लागले नाही. त्यापूर्वी १ डिसेंबर २०२३ रोजी बंगळूरच्या ४०हून अधिक शाळांना आणि १ मे २०२४ रोजी दिल्ली व तिच्या आसपासच्या शंभराहून अधिक शाळांना अशाच धमक्या आल्या होत्या, आणि त्याही निराधार ठरल्या होत्या. तेव्हा वारंवार खोट्या ठरणाऱ्या गोष्टीसाठी शाळांनी एवढा खटाटोप का करावा, असा प्रश्न एखाद्या व्यवहारी गृहस्थाने विचारला तर त्याला सरळ उत्तर देणे आपले कर्तव्य आहे.

उत्तर असे, की धमकीचा खोटेपणा हा शोधाच्या अंती मिळणारा निष्कर्ष आहे. शोधाच्या आरंभी तो कोणाच्याही पदरात नसतो. शिवाय स्फोटक द्रव्य ही या मुलखाला परकी वस्तू नाही. धार जिल्ह्याला लागून असलेल्या झाबुआ जिल्ह्यात, पेटलावद गावी, १२ सप्टेंबर २०१५ च्या सकाळी भरवस्तीत साठविलेल्या जिलेटिनच्या कांड्यांचा स्फोट होऊन ७०हून अधिक माणसे प्राणास मुकली. आणि देवास जिल्ह्याच्या दक्षिणेस, नर्मदेपलीकडच्या हरदा येथे ६ फेब्रुवारी २०२४ रोजी फटाक्यांच्या कारखान्यातील स्फोटाने आसपासची घरे जमीनदोस्त केली. या दोन्ही घटना निष्काळजीपणाच्या होत्या, त्यांत कोणाची धमकी नव्हती. परंतु ज्या प्रदेशात विहीर खोदण्यासाठी सुरुंग लावणे हा नित्याचा व्यवसाय आहे, तेथील मुख्याध्यापकास धमकीचे पत्र हसून बाजूला सारण्याचा अधिकार पोहोचत नाही.

याच मुलखाने दक्षतेचे एक उत्तम उदाहरणही घालून दिले आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये धार जिल्ह्यातील कोठिदा येथे कारम नदीवरील बांधकाम चालू असलेल्या धरणाला गळती लागली, तेव्हा प्रशासनाने खालच्या अंगाची १८ गावे रिकामी करविली, धरणाच्या बाजूने चर खणून पाण्याला वाट करून दिली, आणि एकाही माणसाचा जीव न जाता ते संकट निभावले. गावे उगाच रिकामी केली, असे पुढे कोणी म्हटले नाही. शाळेच्या बाबतीतही हीच दृष्टी हवी.

देवासमधील एका शाळेत या प्रसंगाची तालीम चालू असताना ती आरंभापासून अखेरपर्यंत पाहण्याची परवानगी मला मिळाली. शाळेचे नाव मी येथे देत नाही, कारण संरक्षणाची व्यवस्था जाहीर करणे म्हणजे ती दुबळी करणे होय. तालमीचा पहिला भाग मुलांना दिसतच नाही. तो मुख्याध्यापिकाबाईंच्या टेबलावर घडतो. दूरध्वनीच्या शेजारी एक छापील कागद कायमचा चिकटविलेला असून त्यावर प्रश्न लिहिलेले आहेत: वस्तू कोठे ठेवली आहे, ती केव्हा फुटणार आहे, दिसायला कशी आहे, आणि हे कशासाठी केले. धमकी देणाऱ्याला बोलते ठेवावे, त्याचे शब्द जसेच्या तसे टिपून घ्यावेत, आवाजाचे वय, बोलीचा ढंग आणि पाठीमागून ऐकू येणारी रहदारी, भोंगा किंवा घंटा यांचीही नोंद करावी, अशी सूचना त्याखाली आहे. ई-मेल आल्यास ती पुसू नये आणि कोणालाही पुढे पाठवू नये. मूळ स्वरूपात ती सायबर शाखेच्या हवाली करावी, कारण पाठविणाऱ्याचा माग तिच्या अंतर्भागातील नोंदींवरूनच लागतो. शाळेचे कारकून रोज पहाटे, बसगाड्या निघण्यापूर्वी, शाळेची टपालपेटी संगणकावर उघडून पाहतात. दिल्लीच्या प्रसंगी धमक्या पहाटेच आल्या होत्या, हे त्यांनी ध्यानात ठेवले आहे. बस सुटण्याच्या आत पत्र वाचले गेले, तर मुले घरीच राहतात आणि इमारत रिकामी करण्याचा प्रसंगच ओढवत नाही.

त्यानंतर प्रश्न येतो तो अधिकाराचा. देवास हे एकेकाळी थोरली पाती आणि धाकटी पाती अशा दोन दरबारांत वाटलेले गाव होते आणि १९४८ साली मध्य भारतात विलीन होईपर्यंत एकाच वस्तीवर दोन कारभार चालत असत. त्या गावाला हे सांगावयास नको, की हुकूम कोणाचा याचा निर्णय संकटकाळी करीत बसणे परवडत नाही. या शाळेने तो आधीच लिहून ठेवला आहे. इमारत रिकामी करण्याचा हुकूम मुख्याध्यापिकेचा, त्या गैरहजर असल्यास नामनिर्देशित दोघांपैकी जो हजर असेल त्याचा. आणि आत परत जाण्याची परवानगी मात्र केवळ पोलिसांची. ११२ या क्रमांकावर आणि कोतवालीत वर्दी देण्यासाठी कोणाच्याही संमतीची वाट पाहावयाची नाही.

आगीच्या वेळी वाजते ती घंटा येथे वाजत नाही. ठरलेले एक साधे वाक्य घेऊन दोन शिपाई दोन मजल्यांवर वर्गावर्गांत जातात, आणि वर्ग आळीपाळीने निघतात, त्यामुळे जिन्यात एकाच वेळी लोंढा येत नाही. आगीत दारेखिडक्या लावून घ्यावयाच्या असतात. येथे त्या उघड्या ठेवावयाच्या, कारण स्फोट झालाच तर त्याच्या दाबाला बाहेर पडण्यास वाट हवी. ज्या पटांगणात मुलांना नेऊन बसवावयाचे ते त्यापूर्वी दोन शिक्षक फिरून तपासतात, वाहने उभी असतात ती बाजू वर्ज्य करतात आणि काचेच्या तावदानांपासून दूर जागा धरतात. चालण्यास अडचण असलेल्या एका मुलासाठी दोन सोबती आणि एक शिक्षिका आधीच नेमलेल्या होत्या, आणि तो मुलगा सर्वांबरोबरच पटांगणात पोहोचला.

मग सुरू झाली मोजदाद, आणि या सबंध प्रक्रियेचा प्राण तेथेच आहे असे माझे ठाम मत झाले. प्रत्येक वर्गशिक्षिकेच्या हाती सकाळचा हजेरीपट होता. एकेक नाव पुकारले जात होते. एका वर्गात एक मूल कमी भरले. त्या क्षणी मुख्याध्यापिकाबाईंच्या चेहऱ्यावर जो पालट झाला, तो तालमीतील नव्हता. फाटकावरची वही आणविली तेव्हा उलगडा झाला, की मधल्या सुट्टीत मुलाचे आजोबा येऊन त्याला घरी घेऊन गेले होते. फाटकावर तशी नोंद होती, परंतु ती वर्गाच्या पटावर चढलेली नव्हती. खऱ्या प्रसंगी या एका अलिखित ओळीपायी एखादा शिक्षक रिकाम्या इमारतीत मुलाला शोधण्यास परत धावला असता. त्याच दिवशी नियम झाला, की फाटकावरील प्रत्येक नोंद तत्क्षणी वर्गात पोहोचली पाहिजे.

शोधाचे काम पोलिसांचे खरे. परंतु संशयास्पद वस्तू कोणती, हे ओळखण्यात शाळेचा जुना शिपाई आणि झाडलोट करणारी बाई यांच्याइतका जाणकार दुसरा नाही. “कुठलं कपाट कुठं असतं ते मला डोळे मिटून सांगता येईल, भाऊ,” असे त्या बाई मला म्हणाल्या, “नवीन डबा दिसला तर तो माझ्याच नजरेस पहिला पडेल.” त्यांना शिकविले आहे ते एवढेच, की पाहावयाचे, हात लावावयाचा नाही, वस्तूजवळ भ्रमणध्वनी वापरावयाचा नाही, आणि आल्या वाटेने परतून सांगावयाचे. खोली पाहताना प्रथम जमिनीपासून कमरेपर्यंत, मग कमरेपासून डोक्यापर्यंत आणि शेवटी छतापर्यंत, असे तीन फेरे करावयाचे; तपासलेल्या खोलीच्या दारावर खडूने खूण करावयाची.

पोलिसांबरोबर बॉम्बशोधक पथक येते तेव्हा त्यातील श्वानाचे काम पाहण्यासारखे असते. स्फोटकाचा वास आल्यास तो भुंकत नाही, पंजाने उकरीत नाही. त्या जागी स्थिर बसतो, कारण हालविलेली वस्तू हीच धोक्याची वस्तू होय. ग्वाल्हेरजवळ टेकनपूर येथे सीमा सुरक्षा दलाचे श्वानांचे राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र आहे, तेथे हे संयमाचे शिक्षण दिले जाते. वास घेण्याची शक्ती थकते, म्हणून श्वानाला मधूनमधून विश्रांती द्यावी लागते. मोठ्या इमारतीचा शोध तासन्‌तास चालतो तो यामुळे, आणि पालकांनी या विलंबाला ढिलाई समजू नये. शेवटी पंचनामा होतो आणि काही आढळले नाही असे त्यात लिहिले जाते.

धारमधील जुन्या वस्तीतल्या एका शाळेची अडचण निराळी होती. तेथे फाटक एकच, बोळ अरुंद आणि पटांगण इमारतीच्या कुशीतच. म्हणून मुलांना रांगेने दुसऱ्या मोकळ्या जागी चालवीत न्यावे लागते. तेथील शिक्षकांनी वाटेवरच्या घरांशी आधीच बोलून ठेवले आहे. बोळात दुचाकी लावू नयेत, पाण्याची सोय करावी, लहानग्यांना ओट्यावर सावलीत बसू द्यावे, हे शेजाऱ्यांनी आनंदाने कबूल केले. उन्हाळ्यातील माळव्याचे ऊन ज्यांनी सोसले आहे त्यांना या सावलीची किंमत कळेल. खरे संकट उभे राहते ते बोळाच्या तोंडाशी, जेव्हा भ्रमणध्वनीवरून वार्ता पसरून पालकांची एकच झुंबड उडते आणि बॉम्बशोधक पथकाची गाडीच आत येऊ शकत नाही. पीथमपूरच्या कारखान्यात पाळीवर गेलेला बाप तासाभरात पोहोचू शकत नाही, म्हणून प्रत्येक मुलामागे ताबा घेण्यास अधिकृत अशा दोन नातलगांची नावे शाळेने लिहून घेतली आहेत. ओळख पटवून, सही घेऊनच मूल सोपविले जाते. शेजारच्या ओळखीच्या काकांनाही त्यातून सूट नाही. हा कठोरपणा मला वत्सल वाटला.

धमकी देणारा कोण असतो, हेही पालकांनी जाणून घ्यावे. जानेवारी २०२५ मध्ये दिल्ली पोलिसांनी अशा धमक्यांच्या तपासात बारावीचा एक विद्यार्थी शोधून काढला, आणि परीक्षा टळावी हा त्यामागील हेतू असल्याचे सांगितले. निनावी धमकीला भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५१ नुसार दोन वर्षांपर्यंत अधिक कारावास आहे, आणि अल्पवयीन असल्यास प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाते. परंतु एका घाबरलेल्या मुलाने हजारो मुलांना घाबरविले, ही गोष्ट कायद्याच्या आधी शिक्षकांच्या आणि आईबापांच्या विचाराची आहे. परीक्षेचे भय सांगावयाला जेथे माणूस भेटतो, तेथे अशी पत्रे लिहिली जाण्याचा संभव निश्चित कमी होतो.

नोव्हेंबर २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तेथील सरकारला व पोलिसांना अशा धमक्यांसाठी सविस्तर कार्यपद्धती आठ आठवड्यांत तयार करण्याचा आदेश दिला, आणि राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची शालेय सुरक्षेची मार्गदर्शक तत्त्वे तर २०१६ पासून उपलब्ध आहेत. कागद विपुल आहेत. त्यांना हातापायांची सवय लागावयास हवी. तालमीनंतर पहिलीतल्या एका मुलीने विचारले, “बाई, खरंच बॉम्ब होता का?” बाईंनी तिला फसविले नाही. “नव्हता,” त्या म्हणाल्या, “आणि असता तरी तुम्ही सगळी बाहेर आला होतात.”

असे उत्तर देता येणे ही मिळकत आहे, आणि ती धमकी येण्यापूर्वीच कमवावी लागते. आपले प्रत्येक मूल या घटकेस कोठे आहे आणि ते कोणाच्या हाती जाणार आहे, हे ज्या शाळेला निश्चित ठाऊक असते, ती शाळा बॉम्बच्या धमकीलाच काय, आगीला, पुराला आणि अफवेलाही पुरी पडते. म्हणून धार आणि देवास येथील पालकांना माझे आग्रहाचे सांगणे आहे, की पुढल्या पालकसभेत गुणांची चौकशी करण्यापूर्वी तालीम केव्हा झाली, पटावरची आणि फाटकावरची नोंद जुळते का, आणि आपल्या मुलाचा ताबा घेणाऱ्यांत कोणाची नावे आहेत, हे तीन प्रश्न त्यांनी उभे राहून विचारावेत, आणि समाधानकारक उत्तर मिळेपर्यंत खाली बसू नये.